बॅरिकेड म्हणायचं कधी आणि मोर्चेबंदी कधी

विसर्जनाला लक्ष्मी रोडला गेलात तर गल्लीच्या तोंडाशी दोन वासे उभे आणि त्यांना काथ्याने बांधलेला एक आडवा बांबू दिसतो, आणि पलीकडून कुणीतरी ओरडत असतं, 'ओ काका, बॅरिगेटच्या आत व्हा!' बोलताना बॅरिगेट चालून जातं हो, पण लिहिताना बॅरिकेडच लिहा.

शब्द फ्रेंचमधला, बॅरिक म्हणजे लाकडी पिंप. 1588 च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये लोकांनी राजाच्या सैन्याला अडवायला पिंपं माती-दगडांनी भरून रस्त्यात आडवी लावली, पुढे 1830 आणि 1848 मध्ये तर फरशा, गाड्या, घरातलं फर्निचर, जे हाताला लागेल ते रचलं. म्हणजे घाईघाईत, मिळेल त्या सामानाने केलेली आड हा मूळ अर्थ. आता मेट्रोच्या कामाभोवतीचे पत्रेही बॅरिकेडच, फक्त ते तात्पुरते म्हणून लागतात आणि आपण वर्षानुवर्षं त्यांना वळसे घालतो.

म्हणून लिहिण्याआधी एवढंच बघा, की ही गोष्ट काम झाल्यावर उचलायची आहे का. असेल तर बॅरिकेड. शनिवारवाड्याची ती तटबंदी, ती कायमची असते, तिला बॅरिकेड म्हणू नका. पोलीस चौकात गाड्या थांबवून डिकी उघडायला लावतात ती नाकाबंदी, ते कामाचं नाव आहे, वस्तूचं नाही, रस्त्यात आडवं ठेवलेलं लोखंडी स्टँड मात्र बॅरिकेड. जुन्या काळाबद्दल लिहिताय आणि लाकडी मेढी रोवून केलेलं कुंपण आहे तर सरळ मेढेकोट लिहा, इतका छान शब्द उगाच पडून आहे.

खरी गंमत मोर्चाची. फारसीतून आलेला हा शब्द, वेढ्याच्या लढाईत आडोशाला राहून मारा करायची जागा म्हणजे मोर्चा, त्यावरूनच मोर्चेबंदी. आता मोर्चा कलेक्टर कचेरीवर चालत जातो आणि त्याला अडवायला बॅरिकेड लावतात! त्यामुळे 'पोलिसांनी मोर्चेबंदी केली' असं वाचलं की मोर्चावर बंदी घातली असं वाटणारे लोक मी पाहिलेत, तिथे साधं 'बॅरिकेड लावले' लिहा. मोर्चेबंदी ठेवा बचावाच्या तयारीसाठी, आणि निवडणुकीच्या तिकिटासाठी जी पळापळ चालते तिला मोर्चेबांधणी म्हणतात, त्यात बांबू लागत नाही.