फूटब्रिजच्या गर्दीचा नकाशा काढायच्या आधी

लोकलच्या स्टेशनवरच्या फूटब्रिजचं मॉडेल व्हिसवॉकमध्ये, म्हणजे पायी चालणाऱ्यांची गर्दी कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करायचंय ना, मग सॉफ्टवेअर नंतर उघडा, आधी सकाळी साडेआठला ब्रिजवर जाऊन उभे राहा. एकानं चढणारे मोजायचे, दुसऱ्यानं उतरणारे, आणि तासाचा एक आकडा अजिबात नको, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे आकडे लिहा, कारण गाडी लागली की जिन्यावर लोंढा येतो, तो ओसरतो, जरा मोकळं होतं, मग पुढची गाडी. हा चढउतार इनपुटमध्ये गेला नाही तर पुढची सगळी मेहनत फुकट. गाडी बारा डब्यांची की पंधरा, कुठला डबा जिन्यासमोर लागतो, डोक्यावर पाटी किंवा कडेवर पोर घेतलेली किती माणसं, हेही टिपून घ्या, त्यांचा स्पीडही वेगळा आणि त्यांना जागाही जास्त लागते.

पावसाचा सीनारिओ वेगळा हवाच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या ब्रिजवर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, त्या सकाळी अचानक पाऊस आला, लोक आडोशाला जिन्यावरच थांबून राहिले आणि मागून माणसं येतच होती. म्हणून जिन्याच्या तोंडाशी काही माणसं मुद्दाम थांबवून एक रन घ्या, म्हणजे मॉडेल एकदा तसं चालवून बघा. मी तरी त्याशिवाय कुठल्याही ब्रिजला ठीक आहे म्हणणार नाही.

मग जॉमेट्री. ब्रिज आणि प्लॅटफॉर्म वेगळ्या लेव्हलवर आहेत ना ते बघा, आणि प्लॅटफॉर्म पुरेसा लांब काढा, नाहीतर जिन्यामागे तुंबणाऱ्या गर्दीला मॉडेलमध्ये जागाच राहत नाही आणि नकाशा छान हिरवा, म्हणजे मोकळा, दिसतो.

लेव्हल ऑफ सर्व्हिसचं, म्हणजे माणशी किती जागा मिळते त्यावरून ए (मोकळं) ते एफ (ठासून गर्दी) असा दर्जा देणारं, टेबल निवडताना घाई करू नका, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. अमेरिकन इंजिनियर जॉन फ्रुइनने १९७१ मध्ये दिलेल्या टेबलात सपाट रस्ता, जिना आणि रांग यांच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. समजा माणशी ०.४ चौरस मीटर जागा मिळतेय, तर चालायच्या पट्ट्यावर ती एफ, कारण तिथे एफ ०.४६ च्या खाली सुरू होतो, जिन्यावर तीच ई, आणि तिकिटाच्या रांगेत डी. सगळ्या मॉडेलला एकच टेबल लावलं तर रंग खोटं बोलणारच. आपल्याकडे सीआरआरआयचं, म्हणजे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं, २०१७ चं इंडो-एचसीएम हे रस्त्यांच्या क्षमतेचं मॅन्युअल आहे, त्यात पादचाऱ्यांचा वेगळा चॅप्टर आहे, तोही शेजारी उघडा ठेवा. युनिटही तपासा, चौरस मीटरमागे माणसं की माणसामागे चौरस मीटर, एकात आकडा वाढला की वाईट आणि दुसऱ्यात वाढला की चांगलं.

घनता मोजायला नकाशाचे जे चौकोन पाडतात, त्या ग्रिडचा सेल किती ठेवताय? अर्धा मीटर बाय अर्धा मीटर ठेवला आणि फक्त त्या सेलपुरतीच घनता काढली, तर एकटा माणूस उभा असला तरी चौरस मीटरला ४ माणसं असा हिशोब होतो, म्हणजे रिकाम्या ब्रिजवर सरळ एफ. त्यामुळे आजूबाजूचे सेल धरून घनता काढायची सेटिंग बघून घ्या. वेळेचं इंटरव्हलही तसंच, तासाची सरासरी काढली की लोंढे आणि मधला मोकळा वेळ एकत्र मिसळतात आणि ऑफिसात सगळे म्हणतात प्रॉब्लेमच नाही. मी अर्ध्या मिनिटाचं ठेवतो आणि सरासरीसोबत सगळ्यात वाईट इंटरव्हलचा नकाशा वेगळा काढतो. निर्णय त्या नकाशावर घ्या.

घनतेच्या शेजारी स्पीडचा नकाशाही हवा, कारण अरुंद जागेच्या पुढे माणसं कमी दिसतात ती सोय चांगली म्हणून नाही, मागे अडकलीत म्हणून. रँडम सीड, म्हणजे मॉडेलमधले योगायोग ठरवणारा सुरुवातीचा आकडा, बदलून निदान पाच-दहा रन घ्या, सुरुवातीची काही मिनिटं मोजणीतून वगळा. लाल-हिरवा ज्यांना ओळखू येत नाही त्यांच्यासाठी आणि काळ्यापांढऱ्या झेरॉक्ससाठी ए ते एफ अक्षरंही नकाशावर छापा.

रिपोर्ट द्यायच्या आदल्या दिवशी प्रिंट घेऊन त्याच वेळेला परत ब्रिजवर जा, आणि नकाशात पिवळा दिसणाऱ्या पायरीवर तुमचा खांदा शेजारच्याला घासत असेल तर रिपोर्ट थांबवा आणि मोजणीचे कागद परत काढा.