जुन्या संगणकावर लिनक्स बसवण्यापूर्वी प्रोसेसर ओळखावा

खानदेशातील शाळांच्या संगणक खोल्यांत, पतपेढ्यांत, रावेर-यावलकडच्या केळीच्या व्यापाऱ्यांकडे आणि तालुक्याच्या गावांतील झेरॉक्सच्या दुकानांत आज दहा-बारा वर्षांपूर्वीचे पुष्कळ संगणक वापरात आहेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अशी अट घातली. त्यामुळे धडधाकट यंत्रेही भंगाराच्या वाटेला लागली आहेत. अशा यंत्रांवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मुक्त प्रणाली, बसवली तर त्यांतील बहुतेक आणखी कित्येक वर्षे कामाला येतात. मात्र हे काम अनेक जण उलट्या क्रमाने करतात. कोणीतरी सुचवलेली आवृत्ती ते आधी उतरवून घेतात, ती अडखळली की लिनक्सला बोल लावतात, आणि प्रोसेसर कोणता आहे हे कोणी पाहिलेलेच नसते. म्हणून या मार्गदर्शनाचा बराचसा भाग प्रोसेसरसाठीच राखला आहे.

प्रोसेसर वाचण्याची रीत

कॅबिनेटवरील स्टिकरवर विसंबू नये, कारण दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला जातो आणि कॅबिनेट जुनेच राहते. विंडोज चालू असेल तर विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबावे, उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘एमएसइन्फो३२’ असे लिहून एंटर दाबावे, आणि समोर आलेल्या यादीतील ‘प्रोसेसर’, ‘बायोस मोड’ व बसवलेली रॅम या तीन ओळी कागदावर उतरवून घ्याव्यात. त्याच यादीत ‘सिस्टिम टाईप’ अशीही एक ओळ असते. तीवरून प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, म्हणजे तो एका वेळी किती लांबीचा आकडा हाताळतो, हे ठरवावेसे वाटते. पण ती ओळ फसवी आहे, कारण ६४ बिटच्या प्रोसेसरवर ३२ बिटचे विंडोज बसवलेले असले तरी तिथे यंत्र ३२ बिटचे असल्यासारखेच दिसते. दोन जीबी रॅमच्या जुन्या संगणकांवर असे ३२ बिटचे विंडोज सर्रास बसवले जात असे. त्यामुळे निर्णय प्रोसेसरच्या पूर्ण नावावरूनच घ्यावा.

इंटेलच्या कोअर मालिकेत पिढी नावातच लिहिलेली असते. आय३-४१३० यात चार आकडे आहेत, म्हणून पहिला आकडा पिढीचा, म्हणजे चौथी पिढी. आय३-१०१०० यात पाच आकडे आहेत, म्हणून पहिले दोन आकडे पिढीचे, म्हणजे दहावी. कोअर टू ड्युओ, पेंटियम ड्युअल कोअर आणि त्यांच्या बरोबरीचे डेस्कटॉप प्रोसेसर या मोजणीच्या आधीचे असले तरी ते ६४ बिटचेच आहेत. खरोखर ३२ बिटपुरते मर्यादित असलेले प्रोसेसर म्हणजे पेंटियम ४ चे सुरुवातीचे प्रकार आणि २००८ च्या सुमारास छोट्या नेटबुकमध्ये आलेला ॲटम एन२७० यांसारखे मोजके नमुने.

उतरवण्याच्या पानावर फाईलच्या नावात ‘एएमडी६४’ असे दिसले की इंटेलचा प्रोसेसर असलेले अनेक जण ती फाईल आपली नाही असे समजून मागे फिरतात. जुन्या एक्स८६ प्रोसेसरांची, म्हणजे इंटेलच्या मूळ रचनेच्या प्रोसेसरांची, ६४ बिटपर्यंतची वाढ एएमडी या इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीने आखली आणि २००३ मध्ये ऑप्टेरॉन या प्रोसेसरद्वारे बाजारात आणली. इंटेलनेही पुढे तीच स्वीकारली, त्यामुळे ते नाव दोघांच्याही प्रोसेसरांना लागू होते. उलट रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा एआरएम या वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरच्या कोणत्याही यंत्रावर ही फाईल चालणार नाही. त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती घ्यावी लागते.

सगळे ६४ बिटचे प्रोसेसरही एकसारखे नसतात, आणि नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. लिनक्सच्या जगात या प्रोसेसरांच्या क्षमतेच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली पायरी २००३ मधल्या मूळ रचनेची आहे. दुसऱ्या पायरीला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा, लागतात, आणि इंटेलकडे त्या २००८ मधल्या नेहालेम रचनेपासून आल्या. तिसऱ्या पायरीला एव्हीएक्स२ हा सूचनांचा गट लागतो, जो २०१३ मधल्या हॅसवेलपासून, म्हणजे कोअरच्या चौथ्या पिढीपासून मिळतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स या कंपन्यांसाठीच्या लिनक्सच्या नवव्या आवृत्तीला दुसरी पायरी लागते आणि २०२५ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीला तिसरी. कोअर टू ड्युओ ई७५०० मध्ये एसएसई ४.१ आहे, ४.२ नाही, म्हणून त्यावर नववी आवृत्तीही चालत नाही. याहून अवघड बाब अशी की हॅसवेल काळातल्याच पेंटियम जी३२२० मध्ये एव्हीएक्स२ ठेवलेलेच नाही. एकाच वर्षी घेतलेल्या, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन संगणकांपैकी आय३ असलेल्यावर दहावी आवृत्ती चालते आणि पेंटियम असलेल्यावर चालत नाही, यामागे हेच कारण असते.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दोन प्रकारांनी आपली मुख्य आवृत्ती अजून पहिल्या पायरीवरच ठेवली आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या यंत्रांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. चार जीबी वा अधिक रॅम आणि कोणताही ६४ बिटचा प्रोसेसर असेल तर उबुंटू २४.०४ वर आधारलेले लिनक्स मिंट २२ घ्यावे, आणि त्यातही एक्सएफसीई हा हलका प्रकार निवडावा. दोन जीबी रॅम असेल तर डेबियन १३ आणि त्यासोबत एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई हा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, घ्यावी. खरोखर ३२ बिटचा प्रोसेसर निघाला तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ चा मार्ग बंद आहे, कारण त्यात अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर ठेवलेला नाही. तिथे डेबियन १२ वरच थांबावे लागते. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण इथे शब्दशः पाळावी.

पैसा खर्च करायचाच असेल तर तो आधी एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, करावा. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आय३ वर फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कऐवजी सॅटा एसएसडी लावली की यंत्र सुरू व्हायला लागणारा वेळ डोळ्यांदेखत घटतो. रॅम वाढवण्याचा विचार त्यानंतर करावा.

उन्हाळा, धूळ आणि कापसाचे तंतू

जळगाव आणि भुसावळचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंशांच्या आसपास जातो. प्रोसेसर अती तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपोआप कमी करतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंशांच्या जवळपास असते. म्हणून जानेवारीत सुरळीत चालणारा संगणक मेमध्ये रेंगाळू लागला तर दोष प्रणालीला देण्याआधी कॅबिनेट उघडावे. जिनिंग प्रेसच्या आसपासच्या कार्यालयांत तर पंख्याखालच्या हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये कापसाचे बारीक तंतू आणि धूळ मिळून गादीसारखा घट्ट थर बसलेला आढळतो. हवा त्यातून जाऊच शकत नाही.

सफाईपूर्वी यंत्र दहा मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारा जुना लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, मऊ होते. मग ते बंद करून वीजजोडणी काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. इंटेलच्या कूलरच्या चार खुंट्या सोडवून हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवावी आणि नंतरच वर उचलावी. एएमडीच्या एएम४ व त्याआधीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या पिना प्रोसेसरलाच असतात. हीटसिंक सरळ ओढली तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात, म्हणून तिथे विशेष जपावे. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावी, प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी, हीटसिंक सरळ खाली टेकवावी आणि समोरासमोरच्या तिरप्या खुंट्या जोडीने दाबाव्यात. चारही खुंट्यांचा ‘कट्’ असा आवाज आला पाहिजे. एकही खुंटी अर्धवट राहिली तर हीटसिंक एका बाजूने उचललेली राहते आणि आधीचीच अवस्था बरी होती असे म्हणण्याची वेळ येते.

वाळ्याच्या वा गवताच्या ताट्यांचा कूलर संगणकाकडे तोंड करून ठेवू नये. त्यातून ओलसर हवा येते, आणि ओल व धूळ एकत्र आल्यावर मदरबोर्डवरचे जोड गंजतात.

कॅबिनेट उघडलेच आहे तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ बॅटरीही बदलून टाकावी. ती संपली की संगणकाचे घड्याळ मागे पडते, संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे चुकीची ठरतात, नवी प्रणाली अद्यतने घेण्यास नकार देते, आणि इंटरनेट बिघडले असा सगळ्यांचा समज होतो. थोडक्या पैशांच्या या बॅटरीने बराच मनस्ताप वाचतो.

बसवण्याआधी चालवून पाहावे

आयएसओ फाईल, म्हणजे लिनक्सची बसवण्याची पूर्ण प्रत, मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिथे दिलेला एसएचए२५६ चा, म्हणजे फाईल जशीच्या तशी आली का हे दाखवणारा, आकडा आपल्या फाईलशी ताडून पाहावा. तुटक इंटरनेटवर उतरवलेली फाईल अपुरी असू शकते. निदान आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती रुफस किंवा बलेना एचर यांपैकी एका साधनाने लिहावी, आणि या क्रियेत पेनड्राइव्हवरील आधीचे सर्व काही पुसले जाते हे ध्यानात ठेवावे. संगणक सुरू होताना कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एफ११ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. डेबियन, उबुंटू आणि मिंट सिक्युअर बूट, म्हणजे केवळ ओळख पटलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय, चालू असतानाही सुरू होतात, म्हणून ती बंद करण्याची घाई करू नये.

मिंट पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालते आणि डिस्कला हात लावत नाही. डेबियनचीही अशी लाइव्ह आवृत्ती मिळते. या अवस्थेत वायफाय, आवाज, पडद्याचा आकार आणि प्रिंटर तपासावेत. एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज चालतात. आपल्याकडच्या दुकानांत फार दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाच्या स्वतःच्या पद्धतीवर चालतो आणि लिनक्सवर त्रास देतो, म्हणून छपाईवर पोट असलेल्या दुकानदाराने हे आधी पाहून घ्यावे. याच वेळी टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहिण्याची खिडकी, उघडून इंग्रजी अक्षरांत ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्यावी. प्रोसेसरचे नाव, गाभ्यांची (कोअरची) संख्या आणि त्याला कळणाऱ्या सूचनांची यादी समोर येते. त्या यादीत एव्हीएक्स२ आहे की नाही हे पाहिले की पायऱ्यांविषयीची शंका मिटते. एलएम-सेन्सर्स हे पॅकेज घालून तापमानही पाहता येते. खोलीत ४० अंश असताना काहीही काम न करणारा प्रोसेसर ५५-६० अंशांवर दिसला तर चिंता नको. पण ब्राउझर उघडताच तो ९० च्या पुढे गेला तर सफाई नीट झालेली नाही असे समजावे.

सर्व फाईली दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय इन्स्टॉलर सुरू करू नये. टॅली, डिजिटल सहीचे टोकन किंवा केवळ विंडोजवर चालणारा एखादा सरकारी प्रोग्राम रोजच्या कामात असेल, तर एक संगणक विंडोजसाठी राखून बाकीचे बदलावेत. सगळे एकदम बदलण्याचा आग्रह मी कोणालाही धरू देत नाही. बायोस मोडची जी नोंद आधी केली होती, म्हणजे यंत्र सुरू होण्याची जुनी लेगसी पद्धत की नवी यूईएफआय, त्याच पद्धतीने पेनड्राइव्ह सुरू करावा. हे जुळले नाही तर बसवणे सुरळीत पार पडते, पण पुढच्या वेळी यंत्र प्रणालीपर्यंत पोहोचतच नाही. लोडशेडिंगची वेळ टाळावी, किंवा संगणक यूपीएसवर घ्यावा. डिस्कची विभाजने लिहिली जात असताना वीज गेली तर सगळे पहिल्यापासून करावे लागते.

मराठी टंकनासाठी आयबस आणि त्यासोबत एम१७एन ही पॅकेजे घ्यावीत. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार टंकन हे दोन्ही मार्ग त्यांतून मिळतात. अहिराणी लिहिणाऱ्यांना याच देवनागरी कळफलकावर काम करता येते. क्रुतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेले दस्तऐवज मात्र लिब्रऑफिस या लिनक्सवरील कार्यालयीन प्रोग्राममध्ये निरर्थक अक्षरांत उघडतात. विंडोज पुसण्यापूर्वीच ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत आणि त्यांची पीडीएफ प्रतही ठेवावी.

नंतरची निगा

अद्यतने आठवड्यातून एकदा तरी घ्यावीत आणि त्यांत कर्नल, म्हणजे प्रणालीचा मूळ गाभा, वगळू नये. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या सुरक्षेच्या त्रुटी प्रोसेसरच्या रचनेतच होत्या. त्यांवरचा उपाय काही अंशी कर्नलमधून आणि काही अंशी मायक्रोकोडमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतील बदलता येणाऱ्या प्रोग्राममधून, येतो, म्हणून डेबियनवर आपल्या प्रोसेसरनुसार इंटेल किंवा एएमडीचे मायक्रोकोड पॅकेज बसले आहे का हे पाहावे. इंटेलने कोअर टू काळातल्या अनेक प्रोसेसरांसाठी हे मायक्रोकोड न देण्याचे २०१८ मध्येच ठरवले. त्यामुळे ती यंत्रे टंकलेखन, शिकवणे आणि वाचन यांसाठी जरूर वापरावीत, पण संस्थेचे बँक व्यवहार त्यांवरून करू नयेत.

लिनक्स मुक्त असले तरी त्याखालचा इंटेल वा एएमडीचा प्रोसेसर आणि त्याचा मायक्रोकोड मुक्त नाही, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. बर्कली विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झालेली रिस्क-फाइव्ह ही सूचनासंचाची खुली रचना या बाबतीत वेगळी आहे. तिच्यावर आधारलेले शक्ती प्रोसेसर आयआयटी मद्रासने आणि वेगा प्रोसेसर सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने घडवले आहेत, आणि डेबियन १३ पासून रिस्क-फाइव्हला अधिकृत पाठिंबाही मिळाला आहे. शाळेच्या खोलीत सध्या हे प्रोसेसर नसले, तरी डेबियनवर शिकलेली आज्ञा, फाईलींची मांडणी आणि पॅकेज बसवण्याची पद्धत त्यांवरही तीच राहते.