चू शीवरचं आरोपपत्र तपासायचं कसं

चू शी (1130–1200) या चीनच्या सोंग राजवटीतल्या कन्फ्यूशियन पंडिताबद्दल वाचताना तीन आरोप हटकून पुढे येतात: दोन भिक्षुणींना रखेल म्हणून ठेवलं, सुनेला नवऱ्यावाचून दिवस गेले, आणि सख्ख्या आईला जुना, निकृष्ट तांदूळ खाऊ घातला. शेवटी जोडलेलं असतं, ‘हे त्यानं स्वतःच कबूल केलं होतं.’ तिन्ही आरोपांचं मूळ एकाच कागदात आहे, कबुलीचं दुसऱ्या. दोन्ही नीट वाचता येतात, फक्त क्रम चुकवू नये.

आधी आरोपपत्राची तारीख पक्की करा. ते छिंगयुआन या तेव्हाच्या बादशाही कालगणनेतल्या दुसऱ्या वर्षाच्या बाराव्या महिन्यातलं आहे. हा चांद्रमहिना 1196 च्या डिसेंबरअखेरीस सुरू होऊन जानेवारी 1197 मध्ये संपतो, म्हणून पुस्तकांत दोन्ही सनं दिसतात. त्यावरून कुणाला खोटं ठरवू नका.

मग त्या तारखेच्या मागची दोन-तीन वर्षं मांडा. 1194 मध्ये निंगत्सोंग गादीवर आला. मंत्री चाओ रूयूच्या शिफारशीवरून चू शीला बादशहापुढे ग्रंथ समजावून सांगण्यासाठी बोलावलं गेलं आणि जेमतेम दीड महिन्यात काढून टाकलं. महाराणीचा नातेवाईक हान त्वोचौ याच्या हाती सत्ता एकवटत होती आणि चू शी त्याच्याविरुद्ध बोलला होता. 1195 मध्ये चाओ रूयू पदावरून गेला, 1196 मध्ये हद्दपारीतच वारला. म्हणजे शेन चीत्सू या दरबारी निरीक्षकानं आरोपपत्र दिलं तेव्हा चू शीचा पाठीराखा उरला नव्हता. पुढच्याच वर्षी ‘खोट्या विद्येच्या’ (दरबारानं चू शीच्या पंथाला दिलेलं नाव) 59 जणांची यादी निघाली, तीत चू शीचं नाव होतं. मात्र आरोप करणाऱ्याचा स्वार्थ होता एवढ्यानं आरोप खोटा ठरत नाही. इथे फक्त पुराव्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर आहे ते कळतं.

पुढची पायरी आरोपपत्राच्या घडणीची. पहिला मुद्दा मातृभक्तीत कसूर, दुसरा राजाचा अनादर. कन्फ्यूशियन माणसाची प्रतिष्ठा ज्या गुणांवर उभी असते, तेच एकेक करून उलटे केले आहेत. आता प्रत्येक कलमाला तीनच प्रश्न विचारा: कधी घडलं, कुणी पाहिलं, नाव काय? तांदळाच्या कलमात आई शेजाऱ्याकडून जेवून येते आणि मुलाला म्हणते की त्यांच्याकडे किती चांगला भात असतो. हे घरातलं बोलणं निरीक्षकाच्या कानावर कसं गेलं, याचा पत्ता नाही. शिवाय आई 1169 मध्येच वारली होती, म्हणजे प्रसंग किमान 27 वर्षं जुना. भिक्षुणींची नावं नाहीत. सुनेच्या बाबतीत जास्त जपा. चू शीचा थोरला मुलगा 1191 मध्ये वारला, त्यामुळे घरात विधवा सून होती हे खरंच. अफवा नेहमी अशा खऱ्या तपशिलाला चिकटून वाढते. ‘सून विधवा होती’ हा पुरावा नव्हे. त्या बाईचं नावही आपल्याला माहीत नाही आणि आठशे वर्षं तिची बदनामी चालू आहे, हे लिहिताना विसरू नये.

पुराव्याशिवाय असं लिहिता येत होतं याचं कारण पद्धतीत आहे. सोंग निरीक्षकांना ऐकीव माहितीवर आरोप करण्याची मुभा होती, खबऱ्या सांगावा लागत नसे. याच्या शेजारी सोंग दरबारातलाच मंत्री व लेखक औयांग श्यू याचं 1067 चं प्रकरण ठेवून पाहा. त्याच्यावरही सुनेशी संबंधांचा आरोप झाला. पण तिथे बादशहानं ‘बातमी कुठून आली’ असं विचारलं, सांगता आलं नाही, आणि आरोप करणारे च्यांग चीछी व फंग सयोंग पदावरून घसरले. आरोपाची जात एकच, दरबार वेगळा.

आता कबुली. सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात. पद गेल्यावर चू शीनं बादशहाला आभारपत्र लिहिलं आणि त्यात आरोपांचा उल्लेख करून, हे सारं तपासूनच ठरलं असेल, अशा अर्थाचं म्हटलं. हे वाचून लगेच ‘कबूल केलं’ लिहू नका. पदावनत अधिकाऱ्यानं शिक्षेबद्दल आभार मानायचे असत, आणि त्यात स्वतःला दोष देणं हा त्या लेखनप्रकाराचा साचाच होता. कवी व अधिकारी सु शी याचं, शिक्षा म्हणून हुआंगचौला धाडल्यावर तिथे पोचून लिहिलेलं 1080 चं आभारपत्र शेजारी ठेवून वाचा, सूर ओळखीचा वाटेल. त्याआधी 1079 मध्ये सु शीच्याच हूचौच्या आभारपत्रातल्या काही शब्दांवर बोट ठेवून त्याला अटक झाली होती. असल्या कागदात कुणी ठणकावून इन्कार करेल ही अपेक्षाच चुकीची. पण साचा आहे म्हणून निर्दोषत्व सिद्ध झालं, असंही नाही. त्या कागदावरून दोन्हीपैकी काहीच सिद्ध होत नाही.

बाजू पालटूनही तपासा. आरोपपत्राचा मसुदा हू होंग या अधिकाऱ्याचा होता आणि चू शीनं त्याला साधा जाडाभरडा भात वाढला म्हणून त्यानं डूख धरला, असं सोंग घराण्याच्या अधिकृत इतिहासात आहे. तो इतिहास 1345 मध्ये युआन राजवटीत पुरा झाला, आणि चू शीची भाष्यं 1313 पासून सरकारी परीक्षांना लावलेली होती, म्हणजे तोवर तो मान्यवर ठरला होता. तेव्हा हू होंगच्या क्षुद्रपणाची गोष्टही त्याच तीन प्रश्नांतून काढा.

चू शीविरुद्ध सांगितली जाणारी येन रुइ या गणिकेची कथा वेगळ्या खात्यात ठेवा. 1182 मध्ये चू शीनं थायचौचा अधिकारी थांग चोंगयौ याच्यावर सहा आरोपपत्रं पाठवली, हे पक्कं. मार खाऊनही थांगवर आळ न घेणारी बाणेदार येन रुइ मात्र नंतरच्या टिपणांत फुलत गेली: होंग माय या सोंगकालीन टिपणकाराकडे त्रोटक, त्याच्यानंतरच्या चौ मीकडे सविस्तर, सतराव्या शतकात पुरी कथा. तिच्या तोंडी असलेल्या प्रसिद्ध कवितेतल्या ओळी चू शीच्या आरोपपत्रात थांगच्या एका नातलगाच्या नावावर आहेत. कागदांचा तक्ता सनावार करा, प्रत्येक तपशील पहिल्यांदा कुठे आला ते नोंदवा. पण चू शीचे कागदही फिर्यादीचेच आहेत, त्यांतली येन रुइची जबानी कोठडीत घेतलेली आहे.

शेवटी लिहिताना क्रियापदं सांभाळा. ‘ठेवल्या’ नको, ‘ठेवल्याचा आरोप शेन चीत्सूनं केला’ असं लिहा. 1209 मध्ये मरणोत्तर पदवी मिळाली आणि 1241 मध्ये कन्फ्यूशियसच्या मंदिरात स्थान मिळालं, हेही ‘आरोप खोटे ठरले’ म्हणून नोंदवू नका. हान त्वोचौ 1207 मध्ये मारला गेल्यानंतर दरबारानं मत फिरवलं, एवढंच त्यावरून म्हणता येतं.