सोडवून आणलेला घोडा पाय उचलू देत नव्हता

आधी दुखणं तपासलं. खुराच्या मधल्या खाचेत काळा, घाण वासाचा चिकटा असेल तर तो संसर्ग. दुखरा पाय कुठलाच घोडा देणार नाही. शिकवणी त्यानंतर. म्होरकीची दोरी बांधली नाही, मदतनिसाच्या हातात सैल ठेवली.

पुढच्या पायापासून सुरुवात: खांद्यावरून हात खाली सरकवायचा, पाय स्थिर राहिला की लगेच काढायचा. चूक होते ती इथेच. झटकताना हात काढला, तर झटकलं की सुटका, एवढंच तो शिकतो. मागच्या पायांना म्हणून लांब काठीला बांधलेला भरलेला हातमोजा लावला. लाथ त्यालाच बसते. रोज 10 मिनिटं. उचललेला पाय आधी 2 सेकंद, मग 5, नंतर खूर साफ करणं. नालबंद सगळ्यात शेवटी.