पाकिटावरचं लोह रक्तापर्यंत कसं पोचवायचं

लोह घातलेलं पीठ, तांदूळ किंवा न्याहारीचं धान्य घेतलं की पाकिटावर मिलिग्रॅमचा एक आकडा दिसतो. हा आकडा तोंडावाटे पोटात जाणाऱ्या लोहाचा असतो. आतड्यातून रक्तात उतरतं ते त्यातलं साधारण २ ते २० टक्के. २ कुणाला आणि २० कुणाला, हे तीन गोष्टींवर ठरतं: लोह कोणत्या रूपात घातलं आहे, त्याच जेवणात आणखी काय आहे, आणि खाणारीच्या शरीरात लोहाचा साठा किती आहे. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात असतात.

आधी गरजेचा हिशोब

त्वचेची आणि आतड्याच्या अस्तराची झीज होते, तिच्यातून बाईचं रोज सुमारे ०.८ मिग्रॅ लोह जातं. पाळीत सरासरी ३० ते ४० मिली रक्त जातं आणि दर मिलीमागे जवळपास अर्धा मिग्रॅ लोह. महिन्यावर पसरलं तर हे रोजचं ०.५ ते ०.७ मिग्रॅ होतं. म्हणजे दिवसाला सुमारे दीड मिग्रॅ लोह रक्तात उतरायला हवं. पाळीत ८० मिलीच्या वर रक्त जात असेल, तर गरज दोन मिग्रॅच्याही पुढे जाते.

आता दुसरी बाजू. किलोमागे ३० मिग्रॅ लोह घातलेलं पीठ दिवसाला २०० ग्रॅम खाल्लं, तर पोटात ६ मिग्रॅ जादा लोह गेलं. शोषण ५ टक्के असेल तर त्यातून ०.३ मिग्रॅ मिळेल, १० टक्के असेल तर ०.६. तेच पीठ, तेवढंच खाणं आणि फायदा दुप्पट. पुढची सगळी खटपट या फरकासाठी आहे.

घटकांच्या यादीत लोहाचं नाव शोधा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि नेमकी हीच ओळ कुणी वाचत नाही.

फेरस सल्फेट पाण्यात सहज विरघळतं आणि चांगलं शोषलं जातं. इतर संयुगांची तुलना त्याच्याशीच करतात. अडचण अशी, की ते स्निग्धांश असलेल्या पदार्थाला खवट करतं आणि रंगही बदलवतं, म्हणून लांब टिकवायच्या मालात उत्पादक ते टाळतात. फेरस फ्युमरेट पाण्यात फारसं विरघळत नाही, पण जठरातल्या आम्लात विरघळतं. प्रौढांमध्ये त्याचं शोषण सल्फेटच्या जवळपास जातं.

फेरिक पायरोफॉस्फेट पांढरट असतं, चव बदलत नाही, म्हणून तांदळासारख्या फिकट पदार्थांत सर्रास वापरतात. ते आम्लातही पुरतं विरघळत नाही, त्यामुळे शोषण सल्फेटपेक्षा बरंच कमी. यात एक मेख आहे. साठा आटलेल्या बाईचं आतडं सल्फेटमधलं लोह झपाट्याने जास्त ओढून घेतं, पण पायरोफॉस्फेटमधून तितकं ओढता येत नाही, कारण न विरघळलेलं लोह आतड्याच्या पेशींना घेताच येत नाही. ज्यांना गरज जास्त, त्यांच्याच बाबतीत हे संयुग जास्त तोकडं पडतं.

'इलेक्ट्रोलिटिक लोह' म्हणजे शुद्ध धातूची बारीक पूड. सल्फेटइतका परिणाम हवा तर ती दुप्पट घालावी लागते. नुसतंच 'लोह' किंवा 'रिड्यूस्ड आयर्न' लिहिलं असेल, तर फार भरवसा ठेवू नये.

पीठ कोंड्यासकट दळलेलं असेल तर सोडियम आयर्न ईडीटीए शोधा. ईडीटीए लोहाला धरून ठेवतं आणि कोंड्यातल्या फायटेटच्या (लोहाला बांधून शोषण रोखणाऱ्या घटकाच्या) तावडीत जाऊ देत नाही. अशा पिठात त्याचं शोषण सल्फेटच्या दोन-तीन पट होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही हेच सांगते: कोंड्याच्या पिठासाठी हे एकच संयुग, आणि रोज १५० ते ३०० ग्रॅम पीठ खाल्लं जात असेल तर किलोमागे २० मिग्रॅ लोह. मैद्यात मात्र त्याचा असा मोठा फायदा दिसत नाही.

चहा-कॉफी जेवणापासून तोडा

एकच सवय बदलायची तयारी असेल, तर ही बदला. चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल्स आतड्यातच लोहाला बांधून टाकतात. जेवणासोबतच्या एक कप कॉफीने शोषण सुमारे ४० टक्क्यांनी, तर चहाने ६० टक्क्यांच्या आसपास घटल्याचं मोजलेलं आहे. दूध घालून चहा निर्धोक होत नाही.

वेळ कशी पाळायची? जेवणाच्या तासभर आधी घेतलेली कॉफी आड येत नाही. जेवणानंतर तासाने घेतलेली मात्र सोबत घेतल्याइतकीच नडू शकते, कारण अन्न अजून जठरातून पुढे सरकत असतं. म्हणून आधी प्यायची तर एक तास, नंतर प्यायची तर दोन तास. सकाळी लोहयुक्त न्याहारी आणि चहा एकत्र घेणाऱ्यांनी चहा उठल्याउठल्या घ्यावा आणि न्याहारी पुढे ढकलावी.

कॅल्शियमच्या गोळीलाही वेगळी वेळ द्या. ३०० मिग्रॅच्या वर कॅल्शियम एकदम घेतलं तर त्या जेवणातलं लोहाचं शोषण घटतं. दूध-दह्याबद्दल एवढी धास्ती नको, मिश्र आहारात त्यांचा परिणाम थोडा असतो.

क जीवनसत्त्व: चव येण्यापुरतं पुरत नाही

क जीवनसत्त्व लोहाला शोषणयोग्य रूपात ठेवतं, हे बहुतेकांना माहीत असतं. गल्लत प्रमाणात होते. कमी फायटेटच्या जेवणात दर १ मिग्रॅ लोहामागे सुमारे ६ मिग्रॅ क जीवनसत्त्व लागतं, कोंडा आणि कडधान्यं भरपूर असतील तर सुमारे १२. जेवणात ५ मिग्रॅ लोह असेल, तर ३० ते ६० मिग्रॅ हवं. एका लिंबाच्या रसात साधारण २० मिग्रॅ असतं, म्हणजे दोन-चार थेंब पिळून काही साधत नाही. मध्यम आकाराचं एक संत्रं, अर्धा पेरू किंवा अर्धी लाल ढोबळी मिरची कच्ची खाल्ली की काम होतं.

हे त्याच जेवणात यायला हवं. सकाळचं संत्रं रात्रीच्या जेवणाला उपयोगी नाही. उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून लिंबू उकळत्या भांड्यात न पिळता ताटात पिळा. लोह पायरोफॉस्फेट किंवा धातूच्या पुडीच्या रूपात असेल, तर हा उपाय कमी चालतो. मांस किंवा मासे खाणाऱ्यांना त्याच जेवणात थोडा तुकडाही मदत करतो.

फायटेट कमी करा

धान्य आणि कडधान्यांतलं फायटेट मोडणारं फायटेज हे विकर त्यांच्यातच असतं. त्याला पाणी, ऊब, किंचित आंबटपणा आणि वेळ लागतो. कडधान्यं रात्रभर भिजवून पाणी टाका, जमल्यास मोड आणा. कणीक आंबट विरजणाने कित्येक तास आंबवली तर फायटेट बरंच उतरतं. खाण्याचा सोडा घालून झटपट फुगवलेल्या पिठात ते जवळपास तसंच राहतं, कारण वेळही मिळत नाही आणि आंबटपणाही जातो.

तांदळात लोह कसं घातलंय तेही पाहा. पिठापासून बनवलेले लोहयुक्त दाणे मिसळले असतील तर धुताना थोडंच लोह जातं. दाण्यांवर नुसती भुकटी चढवलेली असेल तर ती धुण्याच्या पाण्यात निघून जाते. असा तांदूळ धुऊ नये आणि शिजवल्यावर पाणी ओतून देऊ नये.

सगळं नीट करूनही रक्ततपासणीतला आकडा हलत नसेल तर

यकृतात तयार होणारं हेप्सिडिन हे संप्रेरक लोहाचा दरवाजा उघडतं-मिटतं. साठा भरलेला असला की ते वाढतं आणि आतडं लोह आत सोडत नाही. पण संसर्ग किंवा दीर्घकाळची सूज असली तरीही ते वाढतं, मग साठा रिकामा असून दार बंद राहतं. ताप, जुनाट संसर्ग किंवा संधिवाताची सूज असताना आहाराचे उपाय तोकडे पडतात ते यामुळे. आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्या चालू असतील, तर आम्लाअभावी लोह नीट विरघळत नाही.

लोहयुक्त अन्नाचा परिणाम आठवड्यात दिसत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे तीन-चार महिन्यांआधी पुन्हा तपासणी करून हाती काही लागत नाही. नुसतं हिमोग्लोबिन पाहू नका, कारण ते साठा संपल्यानंतरच घसरतं, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तपासा. निरोगी बाईत ते लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं की साठा संपला असं धरतात. सूज किंवा संसर्ग असला की फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा ही मर्यादा ७० धरली जाते. हिमोग्लोबिन डेसीलिटरमागे १२ ग्रॅमच्या खाली असेल (गरोदरपणात ११), तर डॉक्टरांकडून औषध घ्यावं लागतं. अन्नातल्या लोहाने ती तूट भरून निघायला फार काळ जातो. थॅलेसेमिया किंवा शरीरात लोह साचण्याचा आजार असेल, तर लोह घातलेलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.