दिवाळीआधीचा शनिवार-रविवार: चकली आणि दोन मुलं

गेल्या वर्षी दिवाळीआधीच्या रविवारी संध्याकाळी दोघांनाही घेऊन नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात गेलो. गर्दीत धाकटी रडून रडून थकली, घरी आलो तेव्हा फराळाला हात लावायची ताकदच उरली नव्हती.

यंदा खरेदी शनिवारी सकाळीच उरकली. सुभाष नगरहून मेट्रोनं गेलो. गाडी लावायची कटकट नाही आणि मुलांना खिडकीतून रस्ते बघायला मिळाले. दुपारी झोप झाल्यावर दोघांना पणत्या रंगवायला बसवलं. जुनी चादर अंथरायला मात्र विसरू नका.

रविवारी चकली तेलात विरघळायला लागली. अर्धा किलो भाजणी वाया जाणार, या विचारानं पोटात गोळाच आला. सासूबाई म्हणाल्या, "मोहन (पिठात घालतात ते गरम तेल) जास्त झालं बेटा, थोडी कोरडी भाजणी घाल." घातली, पाण्याचा हात लावून पीठ पुन्हा मळलं, एकच चकली तळून पाहिली. जमली! पाडताना तुकडे पडत असतील तर मात्र पीठ कोरडं असतं. तेव्हा थोडं पाणी लावून मळायचं. आधी एक तळून पाहायची, मगच घाणा घालायचा.

मोठ्यानं डबा भरायला मदत केली, धाकटीनं त्यातल्या चार खाल्ल्या.