दोन कंट्रोलर एकमेकांशी बोलते करण्याआधी

साइटवर निघण्याच्या आदल्या दिवशी एक कोरा कागद घ्या आणि मध्ये उभी रेघ मारून दोन्ही बाजूंचं सगळं समोरासमोर लिहून काढा. बॉड रेट (पाठवण्याचा वेग), पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट), स्टॉप बिट (कॅरॅक्टर संपल्याची खूण), मास्टर म्हणजे प्रश्न विचारणारा कोण, कोणाचा अॅड्रेस किती. आरएस-485 च्या तारांवर चालणारा मॉडबस आरटीयू, म्हणजे उपकरणांची आपसात बोलायची एक भाषा, धरून मी हे लिहितेय. मॉडिकॉनने 1979 मध्ये आणलेला हा प्रोटोकॉल आजही पीएलसी (कारखान्यातला कंट्रोलर), मोटर चालवणारा ड्राइव्ह, एनर्जी मीटर अशा सगळ्यांत भेटतो. त्याच्या नियमाप्रमाणे ठरलेली पॅरिटी इव्हन आहे, आणि पॅरिटी नको असेल तर स्टॉप बिट दोन हवेत, म्हणजे एक कॅरॅक्टर 11 बिटचंच राहतं. प्रत्यक्षात पॅरिटी नाही आणि स्टॉप बिटही एकच, अशी उपकरणं भरपूर सापडतात. म्हणून गृहीत काही धरू नका, मॅन्युअलमधलं पान उघडून बघा. अॅड्रेस 1 ते 247 मधला हवा. नवी उपकरणं बहुधा सगळी 1 वरच सेट होऊन येतात, तेव्हा एकेक जोडून, अॅड्रेस बदलून मगच पुढचं जोडा. दोघांचा अॅड्रेस एकच राहिला तर दोघंही एकदम उत्तर देतात आणि हाती फक्त सीआरसीची, म्हणजे संदेश तपासणाऱ्या आकड्याची, चूक लागते.

मग रजिस्टरची, म्हणजे उपकरणात आकडे ठेवायच्या क्रमांकित घरांची, यादी. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, असं माझं ठाम मत आहे. मॅन्युअलमध्ये 40001 लिहिलेलं रजिस्टर तारेवर 0 म्हणून जातं. काही कंपन्या पहिला आकडा छापतात, काही दुसरा, आणि एका घराची चूक झाली की शेजारच्या रजिस्टरमधला, अगदी खरा वाटणारा आकडा येतो. दशांशातली किंमत दोन रजिस्टरमध्ये विभागून येते. त्यातलं आधीचं कोणतं, याची प्रत्येकाची पद्धत वेगळी. 25.0 ही किंमत हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) 41सी8 आणि 0000 अशा दोन शब्दांत, म्हणजे दोन रजिस्टरमध्ये, असते. ते उलटे जोडले तर स्क्रीनवर जवळजवळ शून्य दिसतं, आणि नुसतं पहिलं रजिस्टर पूर्णांक म्हणून वाचलं तर 16840. हा आकडा ओळखीचा झाला की समोरच्या सेन्सरला दोष देण्याआधी हात थांबतो. तेव्हा यादीत प्रत्येक किंमतीपुढे प्रकार, शब्दांचा क्रम, गुणक आणि एकक लिहा.

वायरिंगसाठी पिळाची जोडी, शिवाय कॉमनची तिसरी तार. लाइन एका उपकरणातून दुसऱ्यात अशी जावी, मधूनच लांब फाटे काढू नयेत. ए आणि बी ही नावं सगळे सारखी वापरत नाहीत. उत्तरच येत नसेल तर त्या दोन तारा अदलाबदल करून बघणं ही पहिली पायरी. 120 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे टर्मिनेशन, फक्त लाइनच्या दोन टोकांना. एका कामात सहा ड्राइव्ह होते आणि शेवटचे दोन मध्येच गप्प व्हायचे. बॉड रेट उतरवला, केबल बदलली, दिवस गेला. शेवटी वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावला, तर 20 ओहम. सहाही ड्राइव्हमधले टर्मिनेशनचे स्विच चालू होते. मधले चार बंद केल्यावर 60 दिसले आणि संध्याकाळपर्यंत एकही फ्रेम (संदेश) गळली नाही. तेव्हापासून प्रोग्रॅम उघडण्याआधी मी हे मोजतेच. लाइन मोकळी असताना, वीज चालू ठेवून, दोन तारांमध्ये 200 मिलिव्होल्टपेक्षा जास्त आहेत का तेही पाहा. नसतील तर बायसिंग, म्हणजे मोकळ्या लाइनला ठरावीक व्होल्टेजवर धरून ठेवणारे रेझिस्टर, लागेल.

वेळेचा हिशोबही कागदावरच होतो. 9600 बॉडवर एक कॅरॅक्टर साधारण 1.15 मिलिसेकंद घेतं. दहा रजिस्टर मागायला 8 बाइट, उत्तराला 25, म्हणजे 38 मिलिसेकंद, वर दोन्ही फ्रेमनंतरची साडेतीन कॅरॅक्टरची शांतता आणि उपकरणाचा विचार करायचा वेळ. वीस उपकरणं असतील तर एक फेरी सेकंदाच्या आसपास जाते. त्यातलं एक बंद पडलं आणि टाइमआउट (उत्तराची वाट बघायची वेळ) एक सेकंद, प्रयत्न तीन असे ठेवले असतील, तर प्रत्येक फेरीत तीन सेकंद त्याच्यापायी वाया. म्हणून टाइमआउट विचार करून ठरवा, आणि लागोपाठची रजिस्टर एकाच विनंतीत मागा, एका वेळी 125 पर्यंत चालतात.

पिशवीत यूएसबी ते 485 चा कन्व्हर्टर, मल्टीमीटर, दोन सुटे 120 ओहमचे रेझिस्टर आणि दोन्ही प्रोग्रॅमचा बॅकअप. जमलं तर दोन्ही कंट्रोलर आधी टेबलावर, हातभर केबलने जोडून बोलते करा.

एक गोष्ट मात्र टेबलावरच तपासून घ्या. लाइन तुटली तर पलीकडचा कंट्रोलर शेवटची किंमत धरून बसतो, त्याला काही कळत नाही. पंप चालू राहतो, व्हॉल्व्ह उघडाच. यासाठी दर सेकंदाला बदलणारा एक आकडा पाठवा आणि तो ठरावीक वेळ थबकला की सुरक्षित स्थितीत जाण्याचा कोड पलीकडे लिहून ठेवा. मग सगळं चालू असताना कनेक्टर हाताने उपसा आणि घड्याळ लावून बघा, किती सेकंदांत आउटपुट बंद पडतं ते. तो आकडा कागदाच्या तळाशी लिहा.